आये, तिला सांग

देवाला काय द्यावं हे ज्याचं त्याने ठरवावं. कुणी केस देतं, कुणी कोंबडा देतं, कुणी नुसतंच देतो देतो म्हणत जन्म काढतं. माझ्या सासूने मासळी दिली. ज्यांना खाडीकाठचं जेवण माहीत नाही त्यांना यात मोठंसं काही वाटणार नाही. पण आमच्या गावात शेतात भात होतो आणि खाडीत मासा मिळतो, तिसरं फारसं काही नसतं. पावसाळ्यात सुकट-बोंबील नसले तर भातावर आमसुलाचं पाणी ओतून जेवायचं. अशा ठिकाणी बाईने मासळी सोडली म्हणजे अर्धं जेवण सोडलं.

नवस मुलासाठी होता, म्हणजे माझ्या नवऱ्यासाठी. स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी दिवाळीनंतर तो मुंबईला गेला. आमच्याकडे तेव्हा नबाबाचं राज्य अजून जायचं होतं, पण पोरं मुंबईला जायची ती आधीपासूनच जायची. थोडे दिवस गोदीत काढून तो एका बोटीवर खलाशी म्हणून लागला. आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि मी सतरा वर्षांची होते. त्याची दोन पत्रं आली. दुसऱ्यात लिहिलं होतं की पावसाआधी घर शाकारायला येतो. आमचं घर केंबळी होतं, दर वैशाखात छपरावर नवा पेंढा घालावा लागायचा, आणि ते काम त्याचं होतं. पाऊस आला, तो आला नाही. पुढे चुलत दीर मुंबईला जाऊन चौकशी करून आला. बोट परत आली होती. तुमचा माणूस एका बंदरात उतरला तो पुन्हा चढलाच नाही, एवढंच त्याला सांगण्यात आलं.

सासू त्याच दिवशी गावदेवीपुढे नारळ घेऊन गेली. मी मागे उभी होते. माझा पोरगा या घरात जेवायला बसेल त्या दिवशी मासळी खाईन, तोवर तोंडात घालणार नाही, असं तिने देवीला सांगितलं आणि खाली वाकून उंबऱ्याला कपाळ लावलं.

माझा स्वभाव पहिल्यापासून तिरसट. देवीला मासळी हवी की माणूस हवा ते तिने एकदाच काय ते सांगावं, असं मी सासूच्या तोंडावर म्हणायचे. ती रागवायची नाही. उलट माझ्यासाठी स्वतःच्या हाताने कालवण करायची, चव बघायला माझ्या तळहातावर थेंब टाकायची, आणि मग स्वतः मिठाशी भात खायची. मी तिच्या शेजारी बसून काटे काढत मासे खात असे. एक-दोन दिवस नव्हे, दहा वर्षं. तेव्हा मला त्याची लाज वाटली नाही, आता वाटते.

माझा भाऊ मला न्यायला दोनदा आला. सासूला टाकून जायला पाय निघाला नाही असं मी लोकांना सांगत आले, आणि लोकांनी मला चांगली म्हटलं. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही वाटायचं, येईल. खुंटीवर त्याची पैरण होती, माझ्या हातात हिरव्या बांगड्या होत्या, कपाळावर कुंकू होतं. गावात लग्न निघालं की नवरीला हळद लावायला मला बोलवावं की नाही याचा बायकांना घोळ पडायचा. कुणी बोलवायची, कुणी विसरल्याचं दाखवायची. मी न बोलावता जायची नाही आणि बोलावलं तर अगदी पुढे जाऊन बसायची.

सासूला विसर पडायला लागला तो आधी मिठात. एकाच भातात ती दोनदा मीठ घालायची. मग विहिरीवर जाऊन रिकामा हंडा घेऊन परत यायची. मग एकदा दारात उभी राहून मला विचारलं, हे घर कुणाचं गो? मी हसले. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा हसू आलं नाही. गावातले लोक म्हातारचळ म्हणायचे, एक-दोघांनी बाहेरची बाधाही काढून पाहिली. दोन वर्षांत अशी वेळ आली की लावणीच्या दिवसांत मी तिला शेताच्या बांधावर इरलं घालून बसवायची आणि जुन्या लुगड्याचं एक टोक तिच्या कमरेला, दुसरं आंब्याच्या बुंध्याला बांधायची. लोक बघायचे. माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता. एकदा तिने लावलेली रोपं उपटून आपल्या ओटीत भरली तेव्हा मी तिच्यावर हात उगारला. तिने मान खाली घातली, शाळेतली पोर घालते तशी. मी हात खाली घेतला, पण उगारला होता हे काही पुसता येत नाही.

सगळं विसरली तरी दोन गोष्टी ती विसरली नव्हती. एक म्हणजे नवस. ताटात चुकून सुकटीचा वास जरी आला तरी ताट लोटून द्यायची. दुसरं म्हणजे माझ्या बांगड्यांचा आवाज. माझं तोंड तिला ओळखू येईना, पण बांगड्या वाजल्या की म्हणायची, सून आली. म्हणून मी घरात वावरताना हात जरा जास्तच हलवायची.

नवरा परतला नाही तेव्हापासून आमचं घर चुलत दीर शाकारून द्यायचा. नवरा गेल्याला दहा-साडेदहा वर्षं झाली असतील, त्या वैशाखात दिराचा पाय मोडला. त्याने तळा गावाच्या बाजूच्या एका वाडीतला माणूस पाठवला. आमच्यातलाच, कुणबी. त्याची बायको दुसऱ्या बाळंतपणात गेली होती, दोन लहान मुलं बहिणीकडे होती, आणि तो उन्हाळ्यात गावोगाव घरं शाकारत फिरायचा. सकाळी आला, कमरेचा कोयता ठेवला, आणि वर चढला. कामाला माणूस यायचा म्हणून मी कोळणीकडून खाडीतली ताजी बोय घेऊन ठेवली होती.

सासू अंगणात बसली होती. दुपारच्या सुमाराला तो आढ्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसला, घाम पुसला आणि खाली बघून म्हणाला, "आये, वाईच पानी दे."

कुणीही परका माणूस कुणाही म्हातारीला आये म्हणतोच. पण ती दोन वर्षांत उठली नव्हती तशी उठली. उन्हावर हात धरून वर बघत राहिली. छपरावर पुरुष होता, पेंढा होता, पावसाआधीचे दिवस होते. तिने आत येऊन स्वतः तांब्या भरला. मला म्हणाली, "आला माझा पोरगा. तवा ठेव. आज मासळी मीबी खानार."

मी तिला सांगितलं, आत्याबाई, तो शाकारणारा आहे. ती म्हणाली, व्हय, शाकारायलाच येनार म्हनला होता. पत्रात तेच लिहिलं होतं.

तो खाली उतरल्यावर मी त्याला मागच्या दारी गाठून सगळं सांगितलं, आणि ती काय बोलेल त्याचं वाईट वाटून घेऊ नका, म्हटलं. तो हात धूत होता. हात झटकले. मग म्हणाला, "एका जेवणापुरता पोरगा झालो तर माझं काय बिघडतं?"

तो जेवायला बसला. सासू त्याच्यासमोर बसली आणि दहा वर्षांनी तिने मासळी खाल्ली. खाल्ली म्हणजे काय, आपल्या ताटातल्या बोयीचे काटे काढून काढून ती मांस त्याच्याच ताटात टाकत होती आणि बोटं चाटत होती. त्याची आई लहानपणीच गेलेली होती, हे मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच दिसलं की तो मान वर करत नाही आणि घास फार हळू खातो आहे. मला रडू आलं आणि रागही आला. एवढी सोपी होती का देवी? छपरावर कुणालाही बसवला असता तरी चाललं असतं?

शाकारणी तीन दिवसांची होती, ती त्याने आठ दिवस पुरवली. पुढे महिन्या-दीड महिन्याने काही ना काही काढून यायला लागला. कधी कुंपणाची वई बांधायला, कधी गोठ्याचा खांब बदलायला. सासूला तो गेल्याचं कळायचं नाही आणि आल्याचं मात्र दर वेळी कळायचं. ती आता पूर्वीसारखी खाडीकडे तोंड करून वाट बघत बसेनाशी झाली होती, रोज अंगभर हसायची. तिला असं सुख झालेलं मी माझ्या लग्नापासून पाहिलं नव्हतं.

आता आमची पंचाईत ऐका. त्या काळी वडील माणसांसमोर नवरा-बायकोने एकमेकांशी बोलायची पद्धत नव्हती. तिच्या हिशेबी आम्ही नवरा-बायको, आणि ती तर सारखी समोर. तेव्हा त्याला भात हवा असला तर तो म्हणायचा, आये, तिला सांग, भात वाढ. ती माझ्याकडे वळून म्हणायची, त्याला भात वाढ गो. मी म्हणायची, आत्याबाई, त्यांना विचारा, कालवण वाढू का? असं आमचं सगळं बोलणं तिच्या हातून व्हायचं. आम्हाला पहिल्या पहिल्यांदा हसू दाबायला लागायचं. मग हसू गेलं आणि सवय राहिली. आये, तिला सांग, तिच्या पायात काटा गेलाय तो काढून घे. आये, तिला सांग, विहिरीवर एकटी जाते, दगड निसटता आहे. मला काटा लागल्याचं त्याने कधी पाहिलं होतं कोण जाणे. माझ्या पायाकडे बघणारं माणूस त्या घरात कित्येक वर्षांत आलं नव्हतं. मी सत्तावीस वर्षांची होते, आणि मला वाटत होतं की असलं सगळं आपल्या बाबतीत होऊन संपून गेलेलं आहे.

असंच एक वर्ष गेलं आणि पुढची शाकारणी झाली. शेवटच्या दिवशी जेवताना तो नेहमीसारखाच, ताटाकडे बघत म्हणाला, "आये, तिला सांग, मला तिला घरी न्यायची हाय. तुलाबी."

सासूने माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "तुझीच हाय रं ती," ती म्हणाली. "मला काय इचारतोस?"

मी उठून चुलीपाशी गेले आणि विनाकारण लाकडं पुढे सारली. त्या हलण्याने बांगड्या वाजल्या, आणि सासू तिकडून म्हणाली, ऐकलंन तिनं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवळात गेले. एकटी अशी मी कधीच गेले नव्हते. जो माणूस परत यावा म्हणून माझी सासू दहा वर्षं कोरडा भात जेवली, तो आता येऊ नये असं मला वाटत होतं. नुसतं येऊ नये एवढंच नव्हे. तो मेलेला असावा असं वाटत होतं, म्हणजे मला मोकळीक मिळेल. हे मी देवीला सगळं सांगितलं, कारण दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाचा नवस चुकून फिटला आहे, तिला समजत नाही, तिला काही करू नको, शिक्षा करायची तर मला कर, असं म्हणून मी नारळ ठेवला. विश्वास नसलेल्या माणसाने देवाशी बोलताना जरा तोलून बोलावं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

चुलत दीर वाईट माणूस नव्हता. त्याने ऐकून घेतलं. आमच्यात पाट लागतो, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न होतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण जिचा नवरा मेला असं गावाला माहीत नाही तिचा पाट कसा लावायचा, एवढाच त्याचा प्रश्न होता. बारा वर्षं पुरी होऊ देत, मग पुतळा जाळू, मग तुझी तू मोकळी, असं तो म्हणाला. जो माणूस बारा वर्षं सापडला नाही त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी देतात, आणि मग तो मेला असं धरतात. भावकीने होकार दिला. सासूला विचारायचा प्रश्न नव्हता. मुलगा गेला हे तिला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, हा काय इथे जेवतोय.

बारा वर्षं भरली त्या थंडीत म्हसळ्याहून भटजी आला. सासूला शेजारणीकडे बसवून आम्ही खाडीवर गेलो. मला वाटलं होतं मला सुटल्यासारखं वाटेल. पण पानं अंथरून अंथरून जेव्हा माणसाएवढं झालं, हात झाले, पाय झाले, वर नारळाचं डोकं ठेवलं, तेव्हा मला तो आठवला. पैरण काढताना आधी डावा हात काढायचा, ते आठवलं. बारा वर्षांत मी त्याच्यासाठी पहिल्यांदा तिथे मोठ्याने रडले. मग एका म्हाताऱ्या विधवेने माझा हात दगडावर ठेवून बांगड्या वाढवल्या आणि कुंकू पुसलं. पाट माघात लावायचा ठरला होता. तेव्हा पुन्हा हिरवा चुडा भरायचा होता, म्हणून त्या दोन-अडीच महिन्यांचं कुणाला काही वाटलं नाही. मलाही वाटलं नाही. हात पदराखाली ठेवायचे आणि सासूसमोर कमी यायचं, एवढा विचार मी करून ठेवला होता. बांगड्यांच्या आवाजाचा विचार माझ्या डोक्यातच आला नाही. रोज जी गोष्ट मी मुद्दाम करत होते तीच मी विसरले, आणि विसराळू म्हणत होते तिला.

तीन दिवस ती घरात अस्वस्थ फिरली. कोण चालतंय, कोण चालतंय, असं विचारत राहिली. चौथ्या दिवशी तो आला. येताना कोळणीकडून बोय घेऊन आला. मी रांधली. तो जेवायला बसला, सासू त्याच्यासमोर बसली, काटे काढायला लागली. मी वाढायला वाकले आणि तिने माझा हात धरला.

"कोण गो तू? माझी सून वाजते."

मी म्हटलं, मीच आहे. तिने पदर बाजूला केला. मनगटापासून कोपरापर्यंत हात फिरवला, दुसरा हात घेतला, त्याच्यावरही फिरवला. मग माझ्या कपाळाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. आणि मग ती त्याच्याकडे वळली.

"सून रांडावली," ती म्हणाली. "मंग हा कोन जेवतोय?"

तो उठायला लागला. ती मागे सरकून भिंतीला टेकली. मला वाटलं ओरडेल, मीठ-मिरच्या फेकेल. तसं काही केलं नाही. तसं केलं असतं तर परवडलं असतं. तिने त्याचं ताट उचललं, त्यात भात होता, बोय होती, तिने काढलेलं मांस होतं. ते घेऊन ती अंगणात गेली आणि मेलेल्या माणसाचं पान ठेवतात तसं ते तिने दगडावर ठेवलं. हात जोडले.

"खा बाबा, आनि जा," ती त्याला म्हणाली. "गेलेल्यानं घरात ऱ्हाऊ न्हाय. तुझ्या बायकोकडं बघू नको. तुझ्या वाटेनं जा, परत येऊ नको."

तो उष्ट्या हातानेच उभा होता. काही बोलला असता तर त्याला आयेच म्हणावं लागलं असतं. आमच्या दारावरून जो बांध जातो त्या बांधाने तो चालायला लागला. मासळीचं पान होतं, कावळा लगेच शिवला. कावळा शिवला म्हणजे गेलेल्याची इच्छा राहिली नाही असं म्हणतात, आणि सासू ते बघून, सुटला माझा पोरगा, म्हणत खाली बसली. ज्याची इच्छा राहिली होती तो मला त्या वेळी बांधावर पाठमोरा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी मी डब्यात शिल्लक राहिलेल्या जुन्या बांगड्या हातात घातल्या. विधवेने बांगड्या घातल्या म्हणून गाव काय म्हणेल ते म्हणो, घरातल्या घरात घातल्या. सासू आवाज ऐकून म्हणाली, सून आली. मला आशा वाटली. महिन्याभराने मी त्याला बोलावून घेतलं. तो अंगणात आला मात्र, तिने तोंड पदराने झाकून घेतलं आणि लुगडं ओलं केलं. भाताला मीठ घातलं की नाही हे न आठवणाऱ्या बाईने हे एक मात्र लक्षात ठेवलं. माघ आला आणि गेला.

तिला टाकून मी जावं असं कुणी म्हणालं नाही असं नाही. चुलत दिराची बायको म्हणाली, आम्ही बघू. पण त्यांच्या घरी पाच पोरं, आणि लुगड्याने झाडाला बांधलेली म्हातारी दुसऱ्याच्या दारात कशी बघितली जाते ते मी आजूबाजूला पाहिलं होतं. तिला बरोबर न्यावं तर ती त्याला बघून रोज मेली असती. तो म्हणाला, थांबतो.

दोन वर्षं थांबला. म्हसळ्याच्या बाजाराला जाता येता तो आमच्या शिवेवरच्या सातविणीखाली बसायचा आणि मी गवताचं निमित्त करून जायची. तिथे आम्ही दोघंच असायचो, अडवायला कुणी नव्हतं, आणि आम्हाला बोलता येत नव्हतं. तुम्ही म्हणावं की तू म्हणावं, इथूनच अडायचं. दोघांच्या मध्ये ती बसलेली असल्याशिवाय आमची वाक्यंच तयार होत नव्हती. तो विडी ओढायचा, मी गवताच्या काड्या मोडायची, आणि मग उठून आपापल्या वाटेने जायचो.

त्याच्या मुलीला दुसऱ्या पावसाळ्यात ताप आला आणि बहिणीने तोंड वाजवलं. हे त्याने मला सांगितलं नाही, दुसऱ्याकडून कळलं. मग मीच त्याला म्हटलं, "पोरांना आई बघा. माझं काही खरं न्हाय." मी हे फार ताठ मानेने बोलले. माझा तिरसटपणा आयुष्यात एवढा कामाला कधी आला नव्हता.

तो उठला. चार पावलं गेला आणि थांबला. माझ्याकडे न बघता, शेजारी जिथे कुणीच बसलेलं नव्हतं तिथे बघत म्हणाला, "आये, तिला सांग, कवाबी बोलावलंन तर शाकारायला येईन."

त्याने लग्न केलं आणि वर्षाच्या आत मुलांना घेऊन मुंबईला गिरणीत गेला.

सासू त्यानंतर दीड वर्षाने गेली. मी हिशेब करून पाहिला आहे, पुष्कळदा केला आहे, दीड वर्ष. देवीला मी म्हटलं होतं, शिक्षा करायची तर मला कर. शेवटच्या चार दिवसांत तिची सगळी भीती गेली होती. ती पुन्हा पहिल्या जागी येऊन थांबली होती. आला का, असं विचारायची. शेवटच्या दिवशी सकाळी मी म्हटलं, आला, जेवायला बसलाय. मग मला मासळी वाढ, म्हणाली. घरात ताजं काही नव्हतं. मी बोंबील निखाऱ्यावर भाजला आणि त्याचा एक तुकडा तिच्या जिभेवर ठेवला. तो तिला चावता आला नाही, पण तिने तो तोंडात धरून ठेवला. दुपारी ती गेली तेव्हा तो तिच्या गालात तसाच होता.

तेरावं झाल्यावर मी देवळात गेले. नारळ नेला नाही. तो या घरात जेवायला बसेल त्या दिवशी मासळी खाईन, तोवर तोंडात घालणार नाही, असं सांगितलं. मला कुणाचा नवरा मागायचा नव्हता. एक दुपार मागितली, एक जेवण. त्याला निरोप मात्र मी कधी पाठवला नाही. बोलावलं असतं तर तो आला असता, आणि त्याच्या घरी वाट बघणारी दुसरी कुणी होती. बोलावल्याशिवाय आला तरच तो नवस, नाहीतर ते नुसतं बोलावणं.

आता घरावर कौलं आहेत, शाकारायचं काही राहिलेलं नाही. चुलत दिराच्या सुनेने माझं जेवण आपल्याकडे ठेवलं आहे. ती माझं ताट वेगळं वाढते, चमचासुद्धा मासळीच्या कालवणाचा लागू देत नाही. गावात नवी सून आली की तिला माझ्याकडे आणते आणि सांगते, ह्यांनी आपल्या नवऱ्यासाठी जन्मभर मासळी सोडली. ती पोर माझ्या पाया पडते. मी पाय मागे घेत नाही. खोटं असं त्यात ती काहीच सांगत नसते.